पेठ न पाहिलेले पनवेलकर

पनवेल महापालिकेच्या आजच्या हद्दीत राहणाऱ्यांची संख्या २०११ च्या जनगणनेच्या हिशेबाने सुमारे पाच लाख भरते. त्या गोष्टीला दीड दशक होत आले. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल येथे त्यानंतर उभ्या राहिलेल्या इमारती नुसत्या नजरेने मोजल्या तरी हा आकडा किती मागे पडला असेल, याची कल्पना कोणालाही यावी. या इमारतींत राहायला आलेली माणसे सांगली-साताऱ्याची आहेत, खानदेशातली आहेत, गिरगाव-लालबागच्या चाळींतून जागेच्या शोधात निघालेली आहेत, केरळ आणि उत्तर प्रदेशातूनही आलेली आहेत. शिधापत्रिकेवर, विजेच्या बिलावर आणि मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर ती सर्व पनवेलकर आहेत. यांपैकी कितीजणांनी पनवेल पाहिले आहे, हा प्रश्न मात्र विचारण्यासारखा आहे. मी तो माझ्या वर्गात विचारून पाहिला. कापड बाजारातून किंवा मिरची गल्लीतून एकदा तरी चालत गेलेल्यांनी हात वर करावेत, असे सांगितल्यावर निम्म्याहून अधिक हात खालीच राहिले. मॉलचे नाव काढल्यावर सर्व हात वर आले, हे निराळे सांगायला नकोच.

विद्यार्थ्यांना दोष देण्याचे कारण नाही. घर, रेल्वे स्थानक, नोकरीचे ठिकाण आणि पुन्हा घर या चौकोनात ज्यांचे आईबाप फिरतात, त्यांची मुले त्या चौकोनाबाहेर कशी जाणार? परंतु यातून एक विचित्र स्थिती निर्माण झाली आहे. ज्या गावाच्या नावाने आपला पत्ता लिहिला जातो, ज्याच्या कारभारासाठी आपल्याकडून कर मागितला जातो आणि ज्याचे प्रतिनिधी आपण मतदानाने निवडतो, ते गाव बहुसंख्य रहिवाशांच्या दृष्टीने रेल्वेरुळांपलीकडचा एक गजबजलेला, वाहने अडकणारा आणि शक्यतो टाळावा असा भाग होऊन बसला आहे. नेमक्या याच काळात त्या भागाचे पुढे काय करायचे याचे निर्णय होऊ घातले आहेत. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. त्याआधी १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा-शेवा हा सागरी सेतू खुला झाला. आता जुन्या पनवेलातील इंच-इंच जमिनीला निराळा भाव आला आहे. अशा वेळी पेठेच्या बाजूने बोलणारे कोण, तर पेठेत दुकान असलेले आणि पेठेत राहणारे. बाकीचे लाखो लोक तटस्थ आहेत, कारण त्यांनी ती पाहिलेलीच नाही.

पनवेलचा इतिहास हा मुख्यतः वाहतुकीचा इतिहास आहे, आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने तो आवर्जून वाचावा. खाडीच्या मुखापासून आत, घाटाच्या पायथ्याच्या अलीकडे, माल होडीतून उतरवून बैलांवर चढवण्याच्या जागी हे गाव वसले. १८३० साली मुंबईचे गव्हर्नर माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला आणि मुंबईहून पुण्याला जाणारा प्रवासी पनवेलपर्यंत जलमार्गाने व पुढे खोपोली-खंडाळा असा खुष्कीने जाऊ लागला. घाटावरचे धान्य येथे उतरे, कोकणचे मीठ, मासळी व तांदूळ येथून वर जाई. ब्रिटिश काळातील गॅझेटियरांत पनवेलच्या एका धंद्याचा मुद्दाम उल्लेख सापडतो, तो म्हणजे गाडीची चाके तयार करण्याचा. घाटावरून आलेला गाडीवान परत जाताना पनवेलची चाकांची जोडी घेऊन जाई, असे तेथे म्हटले आहे. धंदा कोठे रुजतो याचे इतके बोलके उदाहरण पाठ्यपुस्तकात मिळणार नाही. घाट उतरून आलेल्या गाडीची चाके जेथे झिजलेली आढळतात आणि पुन्हा घाट चढायचा असल्याने जेथे ती बदलणे भाग पडते, त्याच जागी चाके करणारा सुतार दुकान मांडतो.

पुढे रेल्वे आली, पण पनवेलला आली नाही. ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीची वाट कल्याण-कर्जतवरून गेली आणि १८६३ साली बोरघाटातून गाड्या धावू लागल्या. एका आखणीने पनवेलच्या बंदराचे आणि गाडीरस्त्याचे महत्त्व ओसरले. त्यानंतर रेल्वेचे रूळ पनवेलला पोहोचायला १९६० चे दशक उजाडावे लागले. म्हणजे शंभर वर्षे हे गाव मुख्य लोहमार्गापासून दूर राहिले. तरीही ते मेले नाही. तालुक्याची बाजारपेठ म्हणून, भाताच्या गिरण्यांचे गाव म्हणून, मुंबई-पुणे आणि मुंबई-गोवा या दोन महामार्गांच्या फाट्यावरचे गाव म्हणून ते तग धरून राहिले. कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ साली सुरू केलेला धूतपापेश्वर हा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना याच पडत्या काळातला आहे आणि तो आजही चालू आहे. शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके याच तालुक्यातले, हे तर शाळकरी मुलालाही ठाऊक असते. नंतर १९७० मध्ये सिडकोची स्थापना, १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल, १९९८ मध्ये मुंबईहून थेट लोकलगाडी आणि त्याच वर्षी पूर्ण झालेला कोकण रेल्वेचा मार्ग, २००२ मध्ये संपूर्ण खुला झालेला द्रुतगती महामार्ग, अशा घटनांनी शंभर वर्षांचे उट्टे तीस वर्षांत फिटले. ते फेडताना ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळावा म्हणून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढावे लागले आणि १९८४ च्या जासईच्या आंदोलनात पाच माणसांना प्राण गमवावे लागले. नव्या वसाहतीत राहणाऱ्याने आपल्या इमारतीखालच्या जमिनीची एवढी तरी माहिती ठेवावी.

आम्हाला येथे येऊन तीन वर्षे झाली. आषाढातल्या सुटीच्या एका दिवशी घरची पाच माणसे, म्हणजे माझी आई, आम्ही पतिपत्नी आणि दोन मुले, केवळ पेठ पाहण्यासाठी म्हणून नवीन पनवेलहून निघालो. काही विकत घ्यायचे नाही, असा संकल्प होता. तो पहिल्या अर्ध्या तासात मोडला. रेल्वे ओलांडून, महामार्ग ओलांडून, एस. टी. स्थानकाच्या गर्दीतून वाट काढीत शिवाजी चौकाकडे येईपर्यंत जो वेळ आणि जो जीव खर्ची पडतो, त्यातच पुष्कळ लोक माघारी का फिरत असतील, याचा उलगडा होतो. अंतर फार नाही. पण सत्तरीच्या म्हाताऱ्या माणसाला पायी पार करता येईल असे ते कोणी ठेवलेले नाही.

आत शिरल्यावर मात्र चित्र बदलते. टपाल नाका, लाईन आळी, मिरची गल्ली, कापड बाजार, उरण नाका, बंदर रोड ही नावे ऐकताच मुलांनी ज्या शंका विचारल्या त्यांना उत्तरे देताना माझी दमछाक झाली. आमच्या सेक्टरांना आकडे आहेत आणि आकड्यांना इतिहास नसतो. येथे मात्र रस्त्याचे नावच सांगते की या वाटेने माणसे बंदरावर जात, आणि या गल्लीत मिरचीचे व्यापारी बसत. मुलगा दहा वर्षांचा आहे. इस्राईल तलाव हे नाव ऐकून तो थबकला. मग बेने इस्राईली समाजाची गोष्ट निघाली. कोकण किनाऱ्यावर शतकानुशतके राहिलेले, मराठी बोलणारे, तेलाचा धंदा करणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून शनिवार तेली म्हणवले जाणारे हे लोक. १९४८ नंतर त्यांच्यातील बहुतेक इस्राएलला गेले. त्यांचे बेथ एल हे प्रार्थनास्थळ पनवेलात आहे. भूगोलाच्या पुस्तकातील एका दूरच्या देशाचे नाव आपल्या गावच्या तळ्याला कसे, हे कळल्यावर मुलाच्या चेहऱ्यावर जे कुतूहल दिसले ते माझ्या कोणत्याही व्याख्यानाने आजवर कोणाच्या चेहऱ्यावर आणलेले नाही.

भाजी बाजाराच्या कडेला, पावसाच्या सरी चुकवीत, डोंगराकडून आलेल्या कातकरी-ठाकर बायका रानभाज्यांचे वाटे मांडून बसल्या होत्या. टाकळा, कुर्डू, कंटोळी, भारंगी आणि शेवळे. आम्ही देशावरचे; आईने आयुष्यात शेवळे पाहिलेले नव्हते. तिने वाटा उचलून पाहिला, तेव्हा विकणारी बाई म्हणाली, ‘आजी, नुसती नका रांधू, घशाला खाजेल. ही काकडं घ्या सोबत.’ आणि तिने शेवळांच्या वाट्याशेजारी ठेवलेली हिरवी फळे पुढे केली. काकडांचा आंबटपणा शेवळांची खाज मारतो. पूरक वस्तूंचा सिद्धान्त मी वीस वर्षे चहा आणि साखरेच्या उदाहरणाने शिकवीत आलो आहे. यापुढे शेवळे आणि काकडे यांच्या उदाहरणाने शिकवीन. मौज अशी की त्या बाईने दोन वस्तूंबरोबर तिसरीही दिली, ती म्हणजे भाजी कशी निवडायची, वरचा कोणता भाग टाकायचा आणि किती वेळ शिजवायची याची पाच मिनिटांची शिकवणी. तिची किंमत वाट्याच्या किमतीतच धरलेली होती.

पुढे सुक्या मासळीच्या दुकानांपाशी आमची शाकाहारी मंडळी पदराआडून श्वास घेत चालली, हे कबूल केले पाहिजे. परंतु तेथील उलाढाल पाहण्यासारखी होती. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते आणि या काळासाठी घराघरांतून आगोटीची बेगमी केलेली असते. उरलेसुरले घ्यायला आलेल्या बायका सोडे आणि जवळा हातात चोळून, वास घेऊन, भाव पाडून घेत होत्या. पाऊस, बंदी, साठवण आणि किंमत यांचा असा प्रत्यक्ष संबंध थंडगार दुकानातील प्लॅस्टिकच्या वेष्टनावर वाचता येत नाही.

कापड बाजारात आई दमली. रस्त्याच्या कडेला बसायला एक बाक नाही. एका दुकानदाराने न विचारता खुर्ची पुढे केली, पाणी दिले, चहा मागवला आणि ‘कुठल्या आपण?’ म्हणून चौकशी केली. आम्ही त्यांच्याकडून त्या दिवशी काहीही घेतले नाही आणि त्यांनीही काही दाखवले नाही. स्वच्छतागृहाच्या शोधाची हकीकत मात्र येथे लिहीत नाही. वृद्ध स्त्रियांनी बाजाराला निघण्यापूर्वी पाणी पिणे सोडावे लागते, ही काही एकट्या पनवेलची गोष्ट नव्हे. परंतु कोणत्याही पेठेचे भवितव्य ठरवताना रस्त्याच्या रुंदीइतकाच हाही विषय पटलावर असला पाहिजे, एवढे त्या दिवशी मला पुरेपूर पटले.

वडाळे तलावाकाठी, बल्लाळेश्वराच्या देवळाजवळ, आम्ही तासभर बसलो. पाऊस थांबला होता आणि तळ्यात कमळाची पाने पसरली होती. पनवेलात अशी तळी अनेक होती व आहेत. तलाव हा कोकणातल्या गावाचा पाणवठा, पुराच्या पाण्याची जागा आणि संध्याकाळची बैठक, असा तिहेरी उपयोगाचा होता. २६ जुलै २००५ च्या प्रलयात गाढी नदीचे पाणी गावात शिरले होते, ही आठवण येथे जुन्या लोकांच्या तोंडी अजून आहे. पाण्याला जागा ठेवलेली नसली की ते आपली जागा शोधते.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. पेठ टिकवा म्हणणाऱ्याला भावनाप्रधान ठरवण्याची पद्धत आहे. ‘तुम्हाला एक दिवस हिंडायला बरे वाटते, तेथे रोज राहून पाहा, गटारांचा वास घेऊन पाहा, गाडी लावून पाहा,’ असे म्हटले जाते. हा आक्षेप निम्मा खरा आहे आणि त्या निम्म्याचा मान राखला पाहिजे. जुन्या इमारती गळतात, जिने धोक्याचे आहेत, भाडेकरू आणि मालक यांच्यातील वादांमुळे दुरुस्त्या होत नाहीत. दुकानदारांपैकी अनेकांना पुनर्बांधणी हवीच आहे आणि ती हवी असणे स्वाभाविक आहे. माझे म्हणणे वाडे आणि दुकाने जशीच्या तशी काचेच्या कपाटात ठेवावीत असे मुळीच नाही. पेठ हा आर्थिक व्यवहाराचा एक विशिष्ट प्रकार आहे. तो कशामुळे चालतो हे समजून न घेता इमारती पाडल्या, तर नव्या इमारतीत तो पुन्हा उगवत नाही, एवढेच सांगायचे आहे.

तो कशामुळे चालतो? एकाच मालाची दुकाने एकमेकांना खेटून का असतात, हा प्रश्न हॅरल्ड हॉटेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९२९ साली मांडला आणि आल्फ्रेड मार्शल यांनी त्याच्याही आधी, १८९० साली, एका जागी जमलेल्या धंद्यांना बाहेरून मिळणाऱ्या काटकसरींची चर्चा केली. पेठेत हे दोन्ही उघड्या डोळ्यांनी दिसते. दहा कापडवाले एका ओळीत बसल्याने प्रत्येकाचे गिऱ्हाईक कमी होते असे वरवर वाटते. वस्तुतः दहा दुकाने आहेत म्हणूनच खेड्यावरून लग्नाचा बस्ता बांधायला माणूस तेथे येतो. मग त्याच्या जोरावर शेजारी शिंपी जगतो, शिंप्याच्या जोरावर बटणे आणि अस्तर विकणारा जगतो, आणि या सर्वांच्या जोरावर छत्री दुरुस्त करणारा, कुलपाची किल्ली करून देणारा, कुकरची शिटी बदलून देणारा असे किरकोळ कारागीर पायरीवर बसून पोट भरतात. श्रमविभागणी बाजाराच्या आकाराने मर्यादित होते, असे अॅडम स्मिथ यांनी १७७६ साली सांगितले. केवळ छत्र्या दुरुस्त करून जगणारा माणूस ज्या गावात आहे, तेथील बाजार पुरेसा मोठा आहे, असे खुशाल समजावे. आमच्या वसाहतीत नवी छत्री मिळते, पण मोडलेल्या छत्रीची काडी बसवून देणारा कोणी नाही.

दुसरी गोष्ट भाड्याची. अमेरिकन लेखिका जेन जेकब्ज यांनी १९६१ साली शहरांविषयी लिहिलेल्या पुस्तकात जुन्या इमारतींची बाजू घेतली, ती सौंदर्यासाठी नव्हे. जुन्या इमारतीचे भाडे कमी असते आणि कमी नफ्याचे, नवशिके, लहान धंदे तेथेच उभे राहू शकतात, हे त्यांचे म्हणणे होते. मिरची कांडून देणाऱ्याला नव्या व्यापारी संकुलातील गाळ्याचे भाडे परवडत नाही. मूळ दुकानदाराला पुनर्बांधणीत गाळा मिळेल, पण त्याच्या पायरीवर बसणाऱ्याला काय मिळेल? २०१४ चा पथविक्रेता कायदा यासाठीच झाला. सर्वेक्षण झाल्याशिवाय विक्रेत्यांना हटवू नये, नगर पथविक्रेता समिती असावी आणि तिच्या सदस्यांत किमान चाळीस टक्के स्वतः विक्रेते असावेत, असे तो सांगतो. कागदावरचा हा चांगला कायदा देशभर कितपत पाळला जातो, हे वाचक आपापल्या गावच्या अनुभवावरून ठरवू शकतील. आठवड्यातून काही दिवस डोंगरावरून भाजी घेऊन येणारी, ठराविक जागा नसलेली, पावसाळ्याच्या चार महिन्यांपुरती विक्रेती असलेली बाई त्या सर्वेक्षणाच्या तक्त्यात कोठे बसते, हा प्रश्न तर कोणी विचारलेला मी ऐकलेला नाही.

येथे नव्या वसाहतींचा विषय पुन्हा येतो. नव्या मुंबईची कल्पना १९६५ च्या सुमारास चार्ल्स कोरिआ, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मांडली, ती मुंबईचे ओझे हलके करणारे, स्वतःच्या पायावर उभे असलेले शहर म्हणून. प्रत्येक उपनगरात शाळा, बाजार, मैदान असावे अशी रचना झाली आणि ती पुष्कळ अंशी उतरलीही. मी तेथेच राहतो, मला तिचे गुण ठाऊक आहेत. आमचे रस्ते रुंद आहेत, झाडे आहेत, मुलांना खेळायला जागा आहे. परंतु स्वयंपूर्ण वसाहतीचा एक परिणाम असा झाला की शेजारच्या जुन्या गावाशी संबंध ठेवण्याची गरजच उरली नाही. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल नगरपालिका, सिडकोच्या वसाहती आणि २९ गावे मिळून महापालिका झाली. कागदोपत्री एक शहर झाले; मनाने ते अजून तीन आहेत.

मालमत्ता कराचा वाद हे त्याचे ठळक उदाहरण. २०१६ पासूनचा कर मागितला जाऊ लागताच वसाहतींतील रहिवाशांनी हरकत घेतली. त्या काळात सेवा सिडको देत होती, तिचे सेवाशुल्क आम्ही भरले, मग दुहेरी भुर्दंड कशासाठी, हा त्यांचा मुद्दा होता आणि वाद न्यायालयापर्यंत गेला. लाभाच्या तत्त्वावर पाहता त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. एकाच सेवेचे पैसे दोनदा मागणे कोणत्याही करशास्त्रात बसत नाही. पण या वादात एक वाक्य वारंवार कानी पडले, ते मला खटकले. ‘आमचा पैसा जुन्या पनवेलवर का खर्च व्हावा?’ शहर एक मानले की हा प्रश्न पडत नाही. तो पडतो याचा अर्थ, आपण जेथे कधी जात नाही त्या भागाशी आपला काही संबंध नाही, असे करदात्याला वाटते. पनवेलची नगरपालिका १८५२ ची, म्हणजे राज्यातील सर्वांत जुन्यांपैकी एक. ज्या १८५० च्या कायद्याच्या आधारे अशा नगरपालिका निघाल्या, त्यात रहिवाशांनी स्वतः अर्ज केल्यावरच तो गावाला लागू करण्याची तरतूद होती. नगरपालिका मागणे म्हणजे कर मागून घेणे होते. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या रहिवाशांना जे आपले वाटले ते आजच्या पदवीधर रहिवाशांना परके का वाटावे?

उपाय अवघड नाहीत, खर्चिकही नाहीत. पेठेतील एक मुख्य रस्ता आठवड्यातील एक दिवस काही तासांपुरता वाहनांना बंद ठेवावा. दुकानदार प्रथम विरोध करतील. तसा तो सर्वत्र होतो. कोपनहेगन शहरात १९६२ साली स्ट्रॉएट हा बाजाररस्ता वाहनांना बंद केला तेव्हा तेथील व्यापाऱ्यांनीही धंदा बुडण्याची भीती व्यक्त केली होती, आणि आज तोच रस्ता त्या शहराची मुख्य बाजारपेठ आहे. एवढ्या लांब जाण्याचे कारण नाही. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर २०२१ पासून ११ डिसेंबरचा दिवस पादचाऱ्यांसाठी राखला जातो, आणि त्या दिवशी तेथे होणारी गर्दी पाहिलेला व्यापारी पादचाऱ्याला गिऱ्हाईक मानायला शिकतो. गाडीतला माणूस दुकानासमोरून जातो. चालणारा दुकानात शिरतो. त्या दिवसापुरती नव्या वसाहतींतून पेठेच्या तोंडापर्यंत बस सोडावी, म्हणजे गाडी कोठे लावायची हा वाद मिटेल. बाके ठेवावीत. पिण्याचे पाणी असावे. स्वच्छतागृहे बांधण्यापेक्षा ती स्वच्छ ठेवण्याला पैसे लागतात, हे अंदाजपत्रकातच मान्य करावे. तळ्यांना जोडणारी एक पायवाट आखून तीवर नावांच्या पाट्या लावाव्यात, म्हणजे इस्राईल तलावाची गोष्ट प्रत्येक बापाला स्वतः वाचून काढावी लागणार नाही.

याहून महत्त्वाचे काम महाविद्यालयांचे आहे, आणि त्याबद्दल माझ्या व्यवसायबंधूंना दोन शब्द सांगण्याचा मला अधिकार आहे. धनंजयराव गाडगीळ यांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेमार्फत पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. तिचे दोन भाग १९४५ व १९५२ साली प्रसिद्ध झाले. घरोघर फिरून, व्यवसायांची नोंद करून, एक शहर कसे जगते याचा हिशेब त्यांनी मांडला. आमचे विद्यार्थी प्रकल्पाच्या नावाखाली संगणकावरून उतरवलेली पाने बांधून आणतात आणि आम्ही त्यांना गुण देतो. त्याऐवजी तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी पेठेतील एकेक गल्ली वाटून घ्यावी. दुकान केव्हापासून आहे, मालकीचे की भाड्याचे, माल कोठून येतो, किती माणसे कामाला आहेत आणि ती कोठे राहतात, गिऱ्हाईक खेड्यावरचे किती व वसाहतींतले किती, पायरीवर कोण बसते आणि तिच्याकडून जागेचे पैसे कोण घेते, एवढे प्रश्न पुरेत. आज या प्रश्नांची उत्तरे ज्याच्या-त्याच्या डोक्यात आहेत, कागदावर नाहीत; आणि जे कागदावर नाही ते विकास आराखड्यात मोकळी जागा म्हणून दिसते. मंडईच्या बाजूला पावसाळ्यात बसणाऱ्या बायकांची मोजणी आषाढ-श्रावणातच करावी लागेल, नंतर त्या तेथे नसतात. चाळीस विद्यार्थी आणि दोन आठवडे एवढ्यावर हे काम भागण्यासारखे आहे. पहिल्या सत्राच्या परीक्षेपूर्वी ते उरकता येईल.